साडेचार किलो

बसूला पहिल्यांदा दुकानाच्या तराजूत घातलं, त्या दिवशी आमच्या घरी चूल पेटायला दुपार झाली. आत्या तराजूची साखळी धरून उभी राहिली होती आणि काही केल्या सोडत नव्हती. "लेकरू हाय का तुरीची डाळ हाय ते? तराजूत घालतेत व्हय कुणी? आधीच का कमी नजरा लागल्यात त्याला?" अप्पा गल्ल्यामागून समजावत होते, "अक्का, डॉक्टरनं सांगितलंय. वजन कळल्याबिगर पुढचं काही होत न्हाई." आई मधल्या दाराआड बसूला पदराखाली घेऊन उभी होती. ती तिथून हटत नव्हती. शेवटी तोड काढली ती अप्पांनीच. व्यापारी माणूस. ते म्हणाले, वजन करायचंच नाही, तुला करायची. गुळाची तुला. लेकरू बरं व्हावं म्हणून महादेवाला बोललो होतो असं समज. आता तुलेला आत्या कशी अडवणार? साखळी सुटली. एका पारड्यात पोत्याची घडी, तिच्यावर आईचं जुनं लुगडं आणि त्यावर बसू, दुसऱ्या पारड्यात गुळाचे खडे. पारडी समान झाली, बसूला उचललं आणि अप्पांनी पाठ फिरवून तोच गूळ मापं लावून पुन्हा तोलला. पोत्याचं आणि लुगड्याचं वजन वजा करायला ते विसरले नाहीत. दोन किलो नऊशे. आत्याला सगळं कळत होतं, पण ती मुद्दाम देवाच्या फोटोकडे बघत राहिली.

तुलेचा गूळ विकायचा नसतो. तो आत्याने महादेवाच्या देवळापुढे पोरांना वाटला. पुढे दर सोमवारी ही तुला होऊ लागली आणि लातूरजवळच्या आमच्या मुरुडची पोरं सोमवारची वाट बघू लागली. बसूचं वजन वाढावं असं मनापासून वाटणारी आमच्या घराबाहेर कोणी असतील तर ती ही पोरं.

बसू म्हणजे माझा धाकटा भाऊ, बसवराज. तो जन्मला तेव्हा मी बारा वर्षांची होते. आमच्या दोघांमध्ये झालेली दोन लेकरं जगली नव्हती, त्यामुळे त्याची वाट किती पाहिली होती ते सांगायला नको. सुईणीने त्याला पुसून आत्याच्या हातात दिलं आणि आत्या काहीच बोलली नाही, हे मी दाराबाहेरून ऐकलं. आत्याचं न बोलणं आमच्या घरात ऐकू येत असे. अप्पांची ही थोरली बहीण लहानपणीच विधवा होऊन माहेरी आली होती आणि तेव्हापासून घरात तिच्या बोलण्याचीच सोबत असायची. बसूचा वरचा ओठ नाकापर्यंत उभा चिरलेला होता, आणि रडायला तोंड उघडलं की आत टाळूच्या जागी नुसती फट दिसायची. मग गावात जे बोलतात ते सगळं बोलून झालं. ग्रहण पाळलं नसेल, पोटुशी असताना काही चिरलं असेल. आत्याचं मत वेगळं होतं. ती म्हणायची, "पाचवीच्या राती सटवी लिवायला बसली अन् तिचाच हात हालला. आता तिला कुणी इचारावं?" बघायला येणाऱ्या बायांपुढे ती दुपट्याची कड बसूच्या नाकापर्यंत ओढून ठेवायची आणि लेकरू झोपलंय म्हणून बाहेरच्या बाहेर वाटेला लावायची, तो टक्क जागा असला तरी. जंगम स्वामींनी येऊन लिंग बांधलं, नाव ठेवलं. बसवराज. ब आणि स ही दोन्ही अक्षरं त्याच्या तोंडून कधी नीट निघणार नाहीत हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं. ज्या पोराला आपलं स्वतःचं नाव सांगता येऊ नये त्याला आम्ही हौसेने तेच नाव दिलं.

त्याला अंगावर पिता येत नव्हतं. ओढायला तोंडात जी पोकळी बंद व्हावी लागते ती होतच नव्हती. आईला पान्हा फुटायचा, पदर भिजायचा आणि लेकरू तिच्या छातीशी भुकेने हंबरायचं. पहिले आठ दिवस तो कापसाच्या बोळ्यावर कसा जगला ते महादेव जाणे. मग आत्याने माळ्यावरून पितळेचं बोंडलं काढलं. नव्या वाचकांसाठी सांगते, बोंडलं म्हणजे लहान बाळाला दूध पाजायची तोटीची वाटी. आता दुकानात असल्या बाळांसाठी खास बाटल्या मिळतात आणि त्या कशा वापरायच्या हे फोनवर बघता येतं. आम्ही शिकलो ते चुका करत. बाळाला आडवं धरायचं नाही, बसतं धरायचं. तोटी मधोमध नाही, गालाच्या कडेला लावायची. चार थेंब सोडायचे, घोट गेल्याचा आवाज ऐकायचा, नाकातून आलेलं पुसायचं, मग पुढचे चार थेंब. एका वेळचं दूध पाजायला पाऊण तास लागायचा, आणि ते झालं की दीड तासाने पुन्हा तेच. आईचं दूध दोन महिन्यांत आटलं. पाजणारं कोणी नसलं की ते राहत नाही. मग घरच्या देवणी गाईचं दूध.

तो काळ कसला होता ते सांगितलं पाहिजे. आमचा जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. पाट्यांवरचं उस्मानाबाद खरवडून लातूर लिहायला पेंटर सापडत नव्हते. अप्पांना या नव्या जिल्ह्याचं इतकं अप्रूप की प्रत्येक गोष्टीला त्यांचं एकच उत्तर असे, "जिल्हा झालाय आता." नळाला पाणी नाही, येईल, जिल्हा झालाय आता. रस्ता उखडलाय, होईल, जिल्हा झालाय आता. आणि वर आभाळ असं कोरडं की येळवशीला, म्हणजे शेतपूजेच्या वेळ अमावास्येला, शेतात न्यायला आंबिलीचं मडकं भरलं तेव्हा हिरवं काही दिसलंच नाही, धसकटात बसून भज्जी-भाकरी खाल्ली आणि परत आलो. आत्या म्हणाली, "जिल्हा झाला म्हून ढग ऐकणारंय का कलेक्टरचं?" गाय दुष्काळातल्या जनावरांच्या छावणीत नेऊन बांधली होती. उसाच्या वाढ्यावर, शेंड्याकडच्या पाल्यावर, ती जेमतेम दीड लिटर द्यायची, आणि ते सगळं बसूचं. अप्पांनी कोरा चहा सुरू केला, आत्याने दही सोडलं. मला दूध फार आवडायचं, पण तेव्हा मी दुधाकडे बघतही नसे. हे मी स्वतःचं कौतुक म्हणून लिहीत नाही. त्या दुधाचा एकेक थेंब आमच्या घरात काय होता, ते कळावं म्हणून लिहिते.

लातूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की मोठ्या शहरातले एक सर्जन वर्षातून एकदा येतात, एक दिवसाचं शिबिर घेतात आणि अशा लेकरांचे ओठ शिवून देतात. ओठ आत्ता, टाळू वर्षा-दीड वर्षाचा झाल्यावर. बोलणं फुटायच्या आत टाळू झाली तर पोरगा चारचौघांसारखा बोलेल. अट एकच. साडेचार किलो भरला पाहिजे. त्याच्या आत भूल झेपत नाही. हा आकडा आमच्या घरात मंत्रासारखा झाला. सोमवारी सगळं घर तराजूभोवती. तीन शंभर. तीन अडीचशे. मधे एकदा जुलाब लागून पुन्हा तीनवर आला, त्या दिवशी आत्याने गूळ वाटला नाही, आणि आई मोरीत जाऊन भांडी घासत बसली ती बाहेरच येईना.

या सगळ्यात मी पाजण्यात तरबेज झाले. आईच्या हातून दूध सांडायचं. चार महिन्यांत ती सलग दोन तास झोपलेली मला आठवत नाही. कितीदा तरी ती बसल्या बसल्या पेंगायची आणि दचकून उठायची तेव्हा बोंडलं तिच्या हातात असायचं, बसू मांडीवर असायचा, आणि दूध पाजलं की नाही हे तिला सांगता यायचं नाही. "मंगल, म्या पाजलं का गं?" असं विचारायची. मी बोंडल्यात बघून सांगायची. माझ्या हातून मात्र थेंब सांडत नसे. बाया म्हणायच्या, आईपेक्षा लेकीलाच जमतंय. मी वर वर लाजायची आणि आतून फुगायची. तो फुगाच मला नडला असं मी आता म्हणते, पण तेही पूर्ण खरं नाही.

शिबिराच्या आदल्या दिवशी आम्ही लातूरला गेलो. आई, आत्या, मी आणि बसू. अप्पा दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या एसटीने दूध घेऊन येणार होते. निघताना आमच्या तराजूवर बसू चार किलो साडेपाचशे भरला होता आणि अप्पांनी त्या दिवशी अख्खी ढेप वाटली होती. पण दवाखान्याचा काटा वेगळा. तिथल्या काट्याची सुई साडेचारच्या रेघेला टेकली न टेकली अशी थांबली. नर्सबाई वाकून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "चला, लिहिते साडेचार. उद्या आत न्यायच्या आधी परत एकदा घेऊ." आणि आईला बजावून सांगितलं की पहाटे चारनंतर लेकराला काहीही द्यायचं नाही, दूध नाही, पाण्याचा थेंबसुद्धा नाही. मी शेजारीच उभी होते. मी ते ऐकलं. मला समजलं नव्हतं असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही.

आईने चारच्या आधी शेवटचं पाजलं आणि मग त्याला घेऊन बसली. सवय होती त्याला दर दोन तासांची. सहापासून तो जो रडू लागला तो थांबेना. शेजारच्या खाटेवर देवणी गावाकडची एक बाई तिच्या तशाच ओठाच्या मुलीला घेऊन बसली होती. ती म्हणाली, "रडू द्या बाई, आज रडला तर उद्या बरा हुईल." सात वाजता अप्पा आले, दुधाचा कडीचा डबा खिडकीत ठेवला आणि कागदांवर सह्या करायला खाली गेले. आत्या टँकरच्या रांगेत घागर घेऊन गेली. रडून रडून बसूला डुलकी लागली, आणि तो झोपला तशी भिंतीला टेकलेल्या आईचीही मान कलली. देवणीची बाई मुलीला घेऊन व्हरांड्यात फेऱ्या मारत होती. मग बसू जागा झाला. रडला नाही. नुसता तोंड इकडेतिकडे वळवून हुंगत राहिला, वासरासारखा.

मी त्याला उचललं. आणि तो मला हलका लागला.

आता हे नीट सांगते, कारण एका माणसाशिवाय आजवर कुणाला सांगितलेलं नाही. त्याच्या भुकेची कीव आली म्हणून मी पाजलं असतं तर मी आज स्वतःला थोडं सोडलं असतं. कीव होतीच. पण माझ्या डोक्यात हिशेब चालला होता तो वजनाचा. दुकानदाराची मुलगी मी. संध्याकाळी तोललेली ओली मिरची सकाळी तेवढीच भरत नाही, रात्रीतून घट येते, हे मला पाटीवरच्या उजळणीआधी कळलेलं. कालच सुई जेमतेम टेकली होती. त्यात चार तासांचा उपास, त्यात रडणं, त्यात दोन लंगोट ओले. आता हा साडेचार भरणार नाही. नर्सबाई वाकून बघतील, मान हलवतील आणि आम्हाला घरी पाठवतील. काट्यावर चढवायच्या आधी मालाला पाणी मारणारे लोक मी मोंढ्याच्या बाजारात पाहिले होते. अप्पा तसं कधी करत नसत आणि करणाऱ्याला शिव्या देत, पण पाणी मारलं की वजन भरतं हे तर खरंच होतं ना? आईच्या गुडघ्याजवळ बोंडलं होतं. ते घेतलं, डब्यातलं दूध ओतलं आणि पाजलं. माझ्या हाताने तो कधी इतका भराभर प्यायला नव्हता. पुसलं, ढेकर काढला, आणि बोंडलं होतं तिथे परत ठेवलं, आईच्या हाताशी. ते लपवण्यासाठी ठेवलं नव्हतं. तिथून घेतलं म्हणून तिथे ठेवलं. एवढं तरी माझ्या बाजूने लिहू द्या.

साडेआठला नर्सबाई आल्या. काट्यावर बसू चार किलो सहाशे भरला. "अरे वा," त्या म्हणाल्या. आई जागी होऊन हसली, कितीतरी महिन्यांनी हसली. आणि मला वाटलं की हे मी केलं.

बसूला आत नेलं आणि दहा-पंधरा मिनिटांत आतून आरडाओरडा ऐकू आला. भूल देणारे डॉक्टर स्वतःच बाहेर आले. म्हातारेसे होते, त्यांचा चेहरा पांढरा पडला होता आणि बाहीवर दूध होतं. टेबलावर आडवं केल्याबरोबर बसूने नाकातोंडातून भडाभडा दूध ओकलं होतं. "कोणी पाजलं याला? सांगितलं होतं ना? अहो, सुई टोचल्यावर हे झालं असतं तर दूध छातीत गेलं असतं. लेकरू हातात राहिलं नसतं!" मग त्यांचा आवाज खाली आला. आज होणार नाही, म्हणाले. सर्जन संध्याकाळच्या गाडीने जाणार होते आणि यादी गच्च भरलेली होती. पुढचं नाव पुकारलं. देवणीची बाई मुलीला घेऊन उठली. आमच्याजवळून जाताना तिने आईच्या दंडाला हात लावला आणि आमच्याकडे न बघता आत गेली.

"म्या न्हाई पाजलं," आई म्हणाली. आत्या घागर ठेवून वळली. "मग कुणी पाजलं? मी खाली हुते. अप्पा खाली हुता. भुतानं पाजलं?" माझं नाव तिने घेतलंच नाही. मी इतकी गुणी पोरगी, माझं नाव कोणाच्या मनातही आलं नाही. आई खाटेकडे बघत होती. बोंडलं तिथेच होतं, तळाशी दूध होतं. ती ते उचलून बराच वेळ बघत राहिली. मग स्वतःचा उजवा हात बघितला. "डोळा लागला हुता माझा," ती अगदी हळू बोलली. "झोपंत चालला आसंल. घरी चालतोय तसा."

मी तिच्यापासून दोन हातांवर उभी होते. अप्पांनी मला आयुष्यात कधी मारलं नव्हतं, तेव्हा माराच्या भीतीने गप्प बसले असं म्हणता येत नाही. बसू जवळजवळ मेला होता, माझ्या हाताने. ते एवढं मोठं होतं की ते आपलं म्हणून उचलायला माझ्यात बळ नव्हतं, आणि शेजारी आईने ते आपणहून उचललं. मी उचलू दिलं. एसटीत अप्पा पुढच्या बाकावर बसले आणि मुरुड येईपर्यंत एकदाही मागे वळून बघितलं नाही.

पुढचे दिवस आत्याचे. भाकरी थापताना, भांडी लावताना, दुकानातून आत येताना. "पोटच्या गोळ्याला चार तास उपाशी ठिवता आलं न्हाई." "झोपंला भुलली अन् लेकराच्या जल्माचं वाटोळं केलं." आई उलट बोलत नसे. पहिले काही दिवस ती मध्येच हात थांबवून आठवायचा प्रयत्न करायची, ते मला दिसायचं. मग तिला आठवू लागलं. एकदा शेजारणीला सांगताना मी ऐकलं, "हाव, मला थोडं थोडं याद हाय. डबा उघडला हुता म्या." तिने डबा उघडला नव्हता. मी भाजी निवडत होते, मी देठ मोडत राहिले. त्याच आठवड्यात तिने बोंडलं माझ्या हातात दिलं. म्हणाली, "माझ्या हाताचा भरवसा न्हाई राह्यला, बाई. आता तूच पाजत जा." आणि मी पाजत गेले. चांगलं पाजलं. गाव माझी वाहवा करत राहिलं.

परवा माझ्या सुनेच्या ओळखीतल्या एका बालरोगतज्ज्ञ बाईंना मी आडून विचारलं, की समजा असं वेळेवर झालं असतं तर? त्या म्हणाल्या, आजी, सांगता येत नाही, वेळेवर होऊनही काहींचं बोलणं नाकातून राहतं. मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली.

पुढच्या वर्षी शिबिर झालं नाही. का, ते कोणी सांगितलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षी ऐन वेळेला बसूला गोवर निघाला. तिसऱ्या वर्षी नांदेडला सोय झाली. अहमदपूर, लोहा करत एसटीने गेलो तेव्हा तो खिडकीतून बघत अखंड बोलत होता आणि बसमधले लोक वळून वळून बघत होते, कारण ते बोलणं आम्हा चौघांशिवाय कोणाला कळत नव्हतं. तोपर्यंत तो वाटीने प्यायला शिकला होता. बोंडलं माळ्यावर गेलं होतं. तरी संध्याकाळी नर्सने उपाशी ठेवायचं सांगितलं, आणि ती गेल्यावर आईने आपला उजवा हात माझ्यापुढे धरला. "मंगल, पदर घे अन् हा हात खाटंच्या दांडीला बांध." मी म्हटलं, कशाला? "जागीच ऱ्हाते मी. पर डोळ्याचा भरवसा न्हाई. घट्ट बांध, झोपंत सुटंल."

मी पंधरा वर्षांची होते. सगळं समजत होतं. मी तोंड उघडलं होतं, खरंच उघडलं होतं. तेवढ्यात बसूने पाणी मागितलं, आई त्याच्याकडे वळली, हात तसाच माझ्यापुढे. मी पदर दोनदा गुंडाळला आणि गाठ मारली. सकाळी सोडवली तेव्हा मनगटावर काठाची नक्षी उमटली होती. ओठ छान शिवला. टाळूचं तो सहा वर्षांचा असताना झालं. तोवर बोलणं नाकात बसलं ते बसलंच. शाळेत मास्तरांनी नाव विचारलं की वर्ग हसायचा, आणि चौथीनंतर तो नाव पाटीवर लिहून दाखवू लागला. आठवीत शाळाच सोडली. मी डी.एड. करून नांदेडला शिक्षिका झाले, आदर्श वगैरे म्हणाले लोक.

आई तीन वर्षांपूर्वी गेली. शेवटचा महिनाभर मी तिच्याजवळ होते. मीच भरवत होते, चमच्याने. रोज ठरवायची, आज सांगायचं. आणि रोज मनाशी म्हणायची, आता जाणाऱ्या जिवाला कशाला त्रास. ते मी मला दिलेलं कारण. खरं कारण हे की सांगितल्यावर ती माझ्याकडे कशी बघेल ते मला बघायचं नव्हतं.

गेल्या दिवाळीत मी मुरुडला गेले. आत्या नाही, अप्पा नाहीत. बसूची पिठाची गिरणी आहे, चांगली चालते. तो म्हणतो गिरणीत सगळ्यांनाच हातवारे करून बोलावं लागतं, म्हणून हा धंदा आपल्याला मानवला. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. मी स्टुलावर बसले आणि त्याला सगळं सांगितलं, काट्याची सुई, मिरचीची घट, डबा, बोंडलं, नांदेडची गाठ. तो भुवयांवरचं पीठ न पुसता ऐकत होता. माझं संपलं तेव्हा मी वाट बघत होते की तो म्हणेल, जाऊ दे ताई, लहान होतीस. ते ऐकायलाच मी गेले होते, हे आता कबूल करते.

त्याने भुवयांवरचं पीठ पुसलं. मग त्याच्या त्या आवाजात, जो आता फक्त मला आणि त्याच्या बायकोला पूर्ण कळतो, म्हणाला, "आई जायच्या आधी मला म्हणली, बसू, माझ्या हातानं तुझं वाटोळं झालं, मला माफ कर. मी न्हाई न्हाई म्हणलं, तर रडायली. म्हून म्हणलं, बरं, केलं माफ."

मी मान खाली घातली होती.

"तिनं काही केलंच नव्हतं, ताई," तो म्हणाला. "अन् मी तिला माफ केलं."

बाहेर कोणीतरी ज्वारीचा डबा घेऊन येऊन उभं राहिलं होतं. बसू उठला, डबा घेतला आणि गिरणी सुरू केली.